सिंगापूरहून आणलेली किपूची बॅग

धरणगावच्या बाजारपेठेत भूपेंद्रचं कृषी केंद्र आहे, असं पाटीवर लिहिलंय. लिहू द्या. पाटीला काय कळतंय! सकाळी साडेआठला शटर वर करते ती त्याची बायको रत्ना. कपाशीवर मावा पडला तर कोणतं औषध पंपाला किती टाकायचं, ठिबकच्या नळीचं बंडल कुठल्या कोपऱ्यात आहे, कोणाच्या शेतात कुठलं बियाणं उगवलं नाही, हे सगळं तिला तोंडपाठ. भूपेंद्रभाऊ अकराला येतात, पंख्याखाली बसतात आणि कंपनीच्या माणसांबरोबर चहा पितात. चहा मात्र फार मन लावून पितात.

रत्ना मूळची साक्रीची. बाई दुकानात भारी कडक. कोणी शेतकरी सामान बाजूला काढून ठेवायला सांगून गेला, की ती काळा मार्कर घेऊन त्या पिशवीवर त्याचं नाव ठळक लिहिणार. मग साक्षात तहसीलदार आले तरी ती पिशवी दुसऱ्याला मिळायची नाही. एकदा भूपेंद्रनं चुडामण आबांच्या नावाचं मिरचीचं बियाणं घाईत भलत्याच माणसाला देऊन टाकलं. रत्नानं भर दुपारी स्कूटी काढली, पाळधीपर्यंत गेली आणि त्या माणसाच्या ओट्यावरून डबा उचलून आणला. "नाव लिहिलेलं दिसत नव्हतं का? डोळे काय चहात बुडाले होते का?" असं नवऱ्याला सात गिऱ्हाइकांसमोर विचारलं. सगळे हसले. भूपेंद्रही हसला, कारण दुसरं करणार काय!

तर अशी ही बाई. पण दुकानाचं शटर ओढून घरी गेली की तिचं तोंड बंद. सासू भागाबाई सांगतील ते, भागाबाई ठरवतील तसं. दुसऱ्याच्या बियाण्यासाठी पाळधीपर्यंत धावणारी रत्ना स्वतःच्या पोरीसाठी ओट्यापर्यंत कधी आली नव्हती. राग येतो की नाही? तिलाही यायचा. पण भाकरी थापता थापता गिळून टाकायची.

हेमांगी तिची एकुलती एक मुलगी, चौथीत शिकणारी. आता गोष्ट अशी की दुकानानं वर्षाचं टार्गेट गाठलं की कंपनी डीलरला परदेशात फिरवून आणते. टार्गेट गाठायची रत्ना, फिरायचा भूपेंद्र. तीन वर्षं तो मित्रांबरोबर जाऊन आला. दर वेळी येताना किपूच्या वस्तू आणायचा. किपू म्हणजे ते टीव्हीवरचं कार्टून, जांभळ्या रंगाचं गुबगुबीत पाणमांजर. पोरांना त्याचं वेड लागलंय. छत्री, टोपी, डबा, जे दिसेल त्यावर किपू पाहिजे.

या घरची रीत अशी, की प्रवासातून आलेलं सामान आणणाऱ्यानं उघडायचं नाही. ते देवासमोर ठेवायचं आणि घरातल्या मोठ्या बाईनं आपल्या हातानं वाटायचं. पहिला मान भाच्याचा. इकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, भाचा म्हणजे देव. भूपेंद्रचा भाचा हितेश, धुळ्याला दिलेल्या मोहिनीचा मुलगा, वय वर्षं अकरा. मामाचं विमान उतरलं की हा देव आईसकट धरणगावात हजर! पहिल्या वर्षी हेमांगीनं हातात घेतलेली छत्री त्याला गेली. दुसऱ्या वर्षी चाकांचे बूट. तिसऱ्या वर्षी रिमोटवर पोहणारा किपू. हेमांगीला एकदा किचेन, एकदा दोन स्टिकर आणि तिसऱ्या वेळी चॉकलेटं संपल्यावर उरलेला पत्र्याचा डबा. पोरगी मुकाट्यानं घ्यायची आणि थँक्यू म्हणायची. शाळेत तेच शिकवलंय ना!

ती काही मागायची नाही. पण दुकानात बियाण्यांची रंगीत पत्रकं यायची, त्यांच्या कडेला ती पेन्सिलीनं किपू काढत बसायची. पाठीवर बॅग घेतलेला किपू. एक दिवस रत्नानं पत्रकं चाळली तर भेंडीच्या बाजूला किपू, कारल्याच्या बाजूला किपू, सगळ्यांच्या पाठीवर बॅग.  तिला असा राग आला की तिनं पत्रकांचा गठ्ठा काउंटरवर आपटला.

"यंदा मी येणार," ती भूपेंद्रला म्हणाली.

"कुठे?"

"सिंगापूरला. कंपनी जोडप्यानं नेऊन राहिली ना यंदा? पत्र मी वाचलंय. तुम्ही लपवलं होतं ते."

"अगं, पण दुकान कोण बघेल?"

"तीन वर्षं तुम्ही जात होते तेव्हा कोण बघत होतं? आणि तुम्ही इथं असले तरी कोण बघतं?"

भूपेंद्र दोन दिवस फुगून बसला, तिसऱ्या दिवशी तिचा पासपोर्ट काढायला जळगावला घेऊन गेला. रत्नाच्या मनात सिंगापूर नव्हतंच. समुद्र बघायचा नव्हता, उंच इमारती बघायच्या नव्हत्या. तिला तिथून किपूची खरी बॅग आणायची होती आणि ती हेमांगीच्या पाठीवर बघायची होती. एवढंच. यंदा ती बॅग तिसऱ्या कोणाच्या हाती जाऊ द्यायची नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

जायचं ठरल्यावर भाऊबंद नारळ घेऊन यायला लागले. नारळ हातात ठेवायचा, "सांभाळून जा" म्हणायचं आणि खिशातून मोबाईल काढून फोटो दाखवायचा. "वहिनी, हे एवढं दिसलं तर बघा." काय तर किपू! कोणाला किपूची बाटली, कोणाला मोजे, कोणाच्या पोरीला केसांच्या पिना. एका चुलत दिराला तर गाडीच्या आरशाला टांगायला किपू पाहिजे होता, चाळिशी उलटलेला माणूस! सतरा नावं झाली. रत्ना हसून वहीत लिहीत होती आणि आतून तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. एवढ्या सतरा जणांत एकानंही विचारलं नाही, की हेमांगीला काय आणणार?

सिंगापुरात चौथ्या दिवशी दोन तास खरेदीसाठी दिले. किपूचं दुकान मोठ्या मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. दारात माणसापेक्षा उंच किपू, आत जांभळे एप्रन घातलेल्या मुली, आणि गर्दी अशी की आठवडी बाजार बरा. रत्ना साडीवर कंपनीनं दिलेले पांढरे बूट घालून आत शिरली. आधी तिनं ती सतरा जणांची रड उरकली. बाटल्या, मोजे, पिना, आरशाचा किपू, सगळं टोपलीत टाकलं. हितेशसाठी मुद्दाम मोठी नळीवाली बाटली आणि दोन मजली कंपास घेतला. भाचा आहे, त्याला कमी पडायला नको. कोणी म्हणायला नको, की मामीनं हात आखडला.

मग तिनं बॅग विचारली. त्या मुलीनं बोटानं बाहेरची रांग दाखवली. पोट म्हणजे मोठा कप्पा आणि शेपटी म्हणजे पेन्सिली ठेवायची चेनची पिशवी, अशी ती जांभळी बॅग नवीनच आली होती. तिच्यासाठी वेगळी रांग, आणि एका पासपोर्टवर एकच बॅग. रत्नानं रांग बघितली. तासाभराची तर नक्की होती.

ती तडक बाहेरच्या बाकाशी आली. भूपेंद्र तिथं बसून आइस्क्रीम खात होता.

"उठा. एका माणसाला एकच मिळते. तुम्ही उभे राहिले तर दोन होतील. एक हेमांगीला, एक हितेशला. घरी भांडणच नको."

"पाय दुखून राहिले गं माझे. सकाळपासून चालतोय."

"मी काय पालखीत बसून आली का?"

"कार्टूनच्या बॅगेसाठी तासभर उभं राहायचं? लोक हसतील. मी कंपनीच्या साहेबांबरोबर आहे इथं."

साहेब कुठेच नव्हते. साहेब केव्हाचे हॉटेलवर जाऊन झोपले होते. रत्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसानं तीन वर्षं भाच्यासाठी पेट्या वाहून आणल्या, त्याला पोरीसाठी एक तास उभं राहता येईना! परक्या देशात तमाशा नको म्हणून ती दात आवळून रांगेत जाऊन उभी राहिली.

तिच्यापुढे साक्रीचे अभिमननाना उभे होते. तेही डीलर, तिच्या माहेरच्या ओळखीतले. पासष्टीचा माणूस, गुडघ्याला पट्टा बांधलेला, हातात पासपोर्ट धरून भिंतीला टेकला होता.

"नाना, तुम्ही?"

"काय करणार बाई, नातीला शब्द देऊन बसलो," नाना म्हणाले. "गुडघे बोंबलून राहिले, पण बोंबलू दे. घरी गेल्यावर शेकेन." पिशवीतून त्यांनी दराब्याचा लाडू काढून तिच्या हातावर ठेवला. तो खाताना रत्नाला रडू आलं. ते रागाचं होतं की कशाचं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

एक तास आणि वर वीस मिनिटं. बॅग हातात आली तेव्हा तिनं शिवण बघितली, चेन चार वेळा ओढून बघितली, शेपटीत बोट घालून बघितलं. शहाण्या गिऱ्हाइकासारखी बॅग उलटीपालटी केली आणि छातीशी धरली. हॉटेलवर गेल्यावर तिनं पर्समधून काळा मार्कर काढला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला ठळक लिहिलं: हेमांगी भूपेंद्र, इयत्ता चौथी.

"अगं, नवीकोरी बॅग खराब केली!" भूपेंद्र ओरडला.

"आता कोणी देऊन दाखवा दुसऱ्याला," रत्ना म्हणाली.

परतीच्या प्रवासात तिनं बॅग खांद्यावरून उतरवली नाही. विमानात मांडीवर, मुंबईहून रेल्वेत उशाशी. सकाळी जळगावला उतरून गाडीनं धरणगावला येईपर्यंत खांद्यावर. लोक बघत होते, साडी नेसलेली बाई आणि पाठीवर जांभळं पाणमांजर. बघू द्या!

दाराशी भागाबाई भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन उभ्याच होत्या. "उनी का व माय," असं अहिराणीत विचारत तुकडा ओवाळायला पुढे झाल्या. लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळताना त्याच्या अंगावर ओझं नसावं, हात रिकामे असावेत, अशी रीत. रत्नानं सवयीनं, अगदी सवयीनं, बॅग खांद्यावरून काढली आणि उंबऱ्यापाशी बाकीच्या सामानात ठेवली. तुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं. प्रवासाच्या अंगानं सुनेनं देवघरात जायचं नाही म्हणून ती तशीच मोरीत गेली. दहा मिनिटांत परत येते, तोवर कोण काय करणार आहे, असं तिला वाटलं. शिवाय आत नाव लिहिलंय की!

दहा मिनिटांत काय होतं ते बघा. ती ओल्या केसांनी बाहेर आली तर देवासमोर दोन्ही पेट्या उघड्या. सतरा जणांतले आठ-नऊ जण येऊन बसलेले. मोहिनी आणि हितेश सकाळच्या पहिल्या गाडीनं धुळ्याहून आलेले. आणि हितेशच्या पाठीवर ती बॅग! भूपेंद्र नुकताच त्याच्या पाया पडून उठत होता. मोहिनी मोबाईलवर फोटो काढत होती. "इकडे बघ बाळा, शेपटी दिसू दे." हेमांगी खांबाला टेकून उभी. तिच्या हातात आरशाला टांगायचा किपू होता. चुलत दिराला तो लहान वाटला म्हणून तिला दिला असेल.

 रत्ना शक्य तितक्या हळू म्हणाली, "आई, ती बॅग हेमांगीची आहे. आत नाव लिहिलंय तिचं."

"नाव काय, पुसाई जाई," भागाबाई म्हणाल्या. "पोरीले काय करनी शे इतली मोठी बॅग? भाचा पहिला, मंग बाकीना."

"हितेशला मी बाटली आणली, कंपास आणलाय. सगळ्यात महागाचा."

"ते तर दिलंच ना त्याला," मोहिनी म्हणाली. "आता लेकराच्या अंगावरून बॅग काढून घेणार का वहिनी? किती खूश झालाय तो."

भूपेंद्र हसत मध्ये पडला. "जाऊ दे ना रत्ना. हेमूला पुढच्या वर्षी आणू."

झालं! पुढचं वर्ष! तीन पुढची वर्षं या पोरीनं खांबाला टेकून काढली होती. रत्नाच्या आतलं सगळं एकदम उसळून वर आलं.

"कोणतं पुढचं वर्ष?" ती अशी कडाडली की गल्लीतलं कुत्रं उठून गेलं. "तुम्ही आणणार? तुमचे पाय दुखतात! तासभर बाकावर बसून आइस्क्रीम खाल्लं तुम्ही. उभे राहिले असते तर दोन बॅगा आल्या असत्या. सांगितलं का घरात कोणाला? नाही ना? मामा म्हणून पाया पडायला पुढे, आणि बाप म्हणून रांगेत उभं राहायची लाज वाटली! टार्गेट माझं, रांग माझी, पोरगी माझी, आणि वाटायचं सगळ्यांनी मिळून? शेतकऱ्याचं बियाणं कोणी नेलं तर मी त्याच्या दारातून उचलून आणते. मग माझ्या पोरीचं का सोडू?"

 भागाबाईंच्या हातातली पिनांची पाकिटं तशीच राहिली. रत्ना पुढे झाली, हितेशच्या खांद्यावरून पट्टे सोडवले आणि बॅग काढून घेतली. पोरगं घाबरून आईकडे बघायला लागलं, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष! मग ती खांबापाशी गेली आणि हेमांगीच्या पाठीवर बॅग चढवली.

हेमांगीनं बॅग काढली. पट्टे नीट दुमडले. दोन्ही हातांनी हितेशपुढे धरली.

"घे दादा. मला नाही आवडत किपू."

हितेशनं बॅग घेतली आणि सगळ्या घरानं सुस्कारा सोडला. "देख, कितली शहाणी शे मनी नात!" भागाबाई कौतुकानं म्हणाल्या. भूपेंद्रनं मान डोलवली. मोहिनीनं तर पोरीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

आणि रत्नाचं डोकंच फिरलं. घरात दोष असलेली इतकी माणसं बसली होती, आणि ती धावून गेली त्या एका लेकरावर. तिनं हेमांगीचे दोन्ही दंड धरले आणि गदागदा हलवलं. "खोटं काबरं बोलली? आवडत नाही? कारल्याच्या कागदावरसुद्धा कोण काढत बसतं किपू? एक तास वीस मिनिटं उभी होती मी तुझ्यासाठी! समुद्रापलीकडून पाठीवर वागवत आणली! तोंड नाही का तुला? द्यायला कोणी सांगितलं होतं?"

"तूच!" हेमांगी ओरडली.

तिचा एवढा मोठा आवाज घरात कोणी कधी ऐकला नव्हता. तिला स्वतःलाही तो नवा असावा, कारण ती दचकली आणि मग रडत रडत बोलायला लागली.

"तूच सांगते दर वेळी. आजी वाटत असली की तू स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघून डोळे वटारते. गप बस म्हणून. छत्रीच्या वेळी वटारले, बुटांच्या वेळी वटारले. मग मी देऊन टाकते. आज तू डोळे वटारायच्या आधीच दिली, तर मलाच मारते का?"

रत्नानं तिचे दंड सोडले. तिला वाटायचं, तीन वर्षं ती राग गिळत होती. तो गिळलेला नव्हताच. तो दर वेळी डोळ्यांतून या पोरीच्या अंगावर जात होता, आणि पोरगी तो हुकूम समजून पाळत होती. सासूनं वाटलं, नवऱ्यानं मान डोलवली, पण पोरीच्या हातातून वस्तू काढून घेतली होती ती आईनं. बसल्या बसल्या, डोळ्यांनी.

ती तिथंच फरशीवर बसली. लोक बघत होते, ते तिला दिसतही नव्हते.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "आता विचारते. कोणाकडे बघू नको. तुला पाहिजे का ती बॅग?"

हेमांगीनं आजीकडे बघितलं. पप्पांकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. मग आईच्या डोळ्यांत, फार वेळ.

"पायजे," ती पुटपुटली.

"ऐकू नाही आलं."

"पायजे!"

हितेशनं आपणहून बॅग आणून तिच्यापुढे ठेवली. मोहिनीनं त्याचा हात धरला आणि जेवायला न थांबता धुळ्याची गाडी पकडली. "भाचाले रडाई काढं," म्हणत भागाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि चार दिवस सुनेशी बोलायचं नाही असं जाहीर केलं. भूपेंद्र दुकानात निघून गेला, त्या दिवशी सकाळी साडेनऊलाच. रत्नानं कोणालाही अडवलं नाही, कोणाचीही समजूत काढली नाही.

बॅग हेमांगीकडे राहिली. ती तिनं मांडीवर घेतली, जेवताना शेजारी ठेवली, अभ्यासाला बसली तेव्हा पुस्तकं काढली आणि परत भरली. पण दर थोड्या वेळानं बॅगेवर हात ठेवून ती मान वर करायची आणि रत्नाच्या डोळ्यांकडे बघायची. ठेवू ना खरंच, असं. रत्ना हसायची, मान हलवायची, "तुझीच आहे" म्हणायची. पोरगी खाली बघायची आणि पाच मिनिटांनी पुन्हा मान वर करायची. त्या दिवशी रत्ना सगळ्यांवर संतापली होती, पण पोरीच्या त्या बघण्यानं तिला स्वतःचा आला तेवढा राग तिला कोणाचाच आला नव्हता, आणि तो काढायला आता तिच्यासमोर कोणीच उरलं नव्हतं.